खडेकाका

पनवेलमधल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक खडेकाका असतो. खांदा कॉलनीत असतो, नवीन पनवेलला असतो, आणि लाईन आळीतला वाडा पाडून इमारत झाली की पहिल्या मजल्यावर तोच राहायला येतो. ओळखायला सोपा. करंगळीत मोती, अनामिकेत पोवळं, मधल्या बोटात नीलम, तर्जनीत पुष्कराज, सगळे चांदीत. पुष्कराज खरं तर सोन्यात घालायचा. पण घ्यायची वेळ आली तेव्हा प्रॉव्हिडंट फंड हातात पडला नव्हता, म्हणून गुरूलाही चांदीवरच भागवून घ्यावं लागलं. अंगठा तेवढा मोकळा ठेवलेला. इतर चौघांना पुसायला कोणीतरी हवंच ना.

नोकरी रसायनीच्या कारखान्यात, लॅबमध्ये. त्यामुळे माणूस मधोमध विभागलेला आहे. खडा घेतो तो पत्रिका बघून, आणि धुतो तो केमिस्ट्री बघून. साडेसाती उतरली की नाही हे काका कधी सांगत नाहीत. अंगठीवरचा काळा थर कसा उतरवायचा हे मात्र न विचारता सांगतात, तेही लिफ्टमध्ये, जिथून पळता येत नाही.

"चांदी मळत नाही हो वहिनी. हवेतलं हायड्रोजन सल्फाइड तिला धरतं, वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. त्यात आपली इथली हवा! एकीकडे खाडीचा चिखल, दुसरीकडे हायवे. पावसाळ्यात डब्यातला पापड सादळतो, तिथे चांदीची काय कथा?" तिसरा मजला येतो. वहिनींच्या हातातली कोथिंबीरही ऐकून कोमेजलेली असते.

गंधकाची काकांनी धास्तीच घेतली आहे. श्रावण पाळत नाहीत, पण उकडलेलं अंडं खाताना चारही अंगठ्या काढून ठेवतात. नोटांच्या पुडक्याचा रबर चांदीजवळ फिरकू देत नाहीत, कारण रबरातही गंधक. काकूंचं म्हणणं, गंधकाला घाबरतात तेवढे शनीला घाबरले असते तर नीलमचे पैसे वसूल झाले असते.

रविवारचा सोहळा बघण्यासारखा. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि नातवाचा जुना मऊ टूथब्रश. खडा अंगाला लागावा म्हणून राशीच्या अंगठीची पाठ उघडी ठेवतात. काका अंगठी उलटी धरतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि त्या भोकातून सुईच्या टोकाएवढा ऐवज बाहेर काढतात. साबण, उटणं आणि गेल्या गुरुवारच्या थालीपिठाची भाजणी. ग्रहाचा किरण जिथून अंगात शिरायचा, तिथे भाजणीने बूच मारलेलं! गेला आठवडा वाईट का गेला, याचा उलगडा काकांना तिथल्या तिथे होतो.

मोत्याची अंगठी मात्र ते वाटीत बुडवत नाहीत. ओलसर फडक्याने पुसायची, लगेच कोरडी करायची. टूथपेस्टचं नाव काढलं की भडकतात. दाताचं एनॅमल कठीणपणात पाचच्या घरात, मोती जेमतेम अडीच ते साडेचार. जे दाताला सोसतं ते मोत्याला ओरखडतं. लिंबू-चिंचेचा तर विषयच नको. मोती काय, पोवळं काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की वरची तकाकी गेली, ती परत आणायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. इथे काकांमधल्या केमिस्टचं बरोबर आहे, आणि ज्योतिषीही सहसा वाद घालत नाही.

गौरी-गणपतीच्या आधी काकांचा भाव वधारतो. सगळ्या मजल्यांवरून निरांजनं, करंडे, पैंजण खाली येतात. पातेल्याला आतून ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर चांदी, मीठ, खायचा सोडा आणि कडकडीत पाणी. सडक्या अंड्याचा वास सुटतो, गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमला जाऊन मिळतं आणि काळं निरांजन लख्ख होतं. घासण्यात चांदी झिजते, यात झिजत नाही. टाळ्या पडतात. पण खड्याचा दागिना कोणी पुढे केला की काका हात मागे घेतात. पाचूच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, ते गरम पाण्यात निघून जातं. जुन्या दागिन्यात खड्यामागे लाख आणि चमकीचा वर्ख असतो. लाख मऊ पडते, वर्खाखाली पाणी शिरतं आणि खडा कायमचा आंधळा होतो.

एवढ्या ज्ञानी माणसाची विकेट घेतली पुतणीने. आली, अंगठी टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. काळीकुट्ट अंगठी, नक्षीच्या खाचांत तर नुसतं काजळ, मधे लाल काचेचा खडा. काकांना राहवेना. खडा काचेचा म्हणजे चिंता नाही, म्हणून जपून ठेवलेलं चांदी उजळायचं डिप काढलं, कापसाने लावलं, धुतलं, पुसलं. पुतणी केस पुसत बाहेर आली आणि किंचाळली.

"काका, ती ऑक्सिडाइज्ड होती!"

म्हणजे कारागिराने मुद्दाम गंधक लावून काळी केलेली. आयुष्यभर ज्याच्याशी वैर केलं, त्याचेच लोक पैसे मोजतात, हे काकांना त्या दिवशी कळलं. दोन दिवस लिफ्टऐवजी जिन्याने गेले.

तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नवा पाठ सुरू झाला. दागिना हातात घेतला की आधी विचारायचं, हा काळा झालाय की केलाय?

काकांची पत्रिका बाजूला ठेवा, त्यांचा मऊ ब्रश मात्र उचला. आणि गौरीचे दागिने काढाल तेव्हा मोती-पोवळी आधी वेगळी करा. घरात लिंबू असेलच, तर ते भेळेवर पिळा.