कोल्हा आणि कालनिर्णय

खाडीकाठी घर असून कोल्हा पाहिलेला नाही, असं मालवणात चारचौघांत सांगायची सोय नाही. रात्री कुई ऐकू यायची, सकाळी वाळूत पावलं दिसायची, तिकडे तोंडवळीला तर तो कासवांची अंडी उकरतो म्हणून कासवमित्र ती उचलून जाळीच्या कुंपणात पुरतात. दर्शन म्हणाल तर मलाच नाही. वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीत हा प्राणी पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंगतीला जाऊन बसला, तेव्हापासून तर मला ते फारच लागलं.

वाचनात आलं होतं की चांदण्यात उंदीर उघड्यावर यायला कचरतात, आणि अमेरिकेत कायोटी नावाचा याचा जो भाऊबंद आहे, त्याच्या शिकारीचाही चंद्रकलांशी मेळ घालून बघतात. म्हणजे पुनवेला उपाशी कोल्हा कुर्ल्या खायला काठावर येणारच! भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. (१९७३ साली ते काढणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचे, त्यामुळे घरचाच पाठिंबा मिळाल्यासारखं वाटलं.)

पुनवेच्या रात्री दहाला टॉर्च, थर्मास, दुर्बीण आणि हिच्या डब्यातून गुपचूप काढलेला सुका बांगडा घेऊन चिपीच्या झाडांमागे बसलो, आणि चंद्राकडे बघता बघता असा रमलो की पायाला गार लागलं ते दव वाटलं, मांडीला लागलं तोवर थर्मास तरंगत निघाला होता, बांगडा त्याच्याही पुढे होता, आणि उठायला गेलो तर उजवी चप्पल चिखलाने ठेवून घेतली. अवसेला सिद्धांत उलटा केला, की काळोखात शिकाऱ्याला जोर येतो. जागा तीच, वेळ तीच, पाणीही तेच. या खेपेला नवी डावी चप्पल गेली.

एक जोड पुरा झाला.

अष्टमी मी वहीतून खोडलीच होती. अर्धा चंद्र पुनवेच्या जेमतेम दहावा हिस्सा उजेड देतो. ना धड चांदणं, ना धड काळोख, अशा रात्री शास्त्राला काय करायची? साडेनऊलाच झोपलो.

सकाळी चहाच्या वेळी ही शेजारच्या काकींना सांगत होती, "अकरा वाजता मागचं दार लावायला गेले, तर हा समोर चिखलात कुर्ल्या खातोय. चांगला पंधरा मिनिटं होता."

काकींना नवल वाटलं नाही. "भाऊनू, कोलो चंद्र बघणा नाय, सुकती बघता."

पुनव असो की अवस, आमच्याकडे उधाणाची भरती रात्री अकराच्या सुमारास असते आणि खाजण पाण्याखाली जातं. अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. तिथीवरून पाणी सांगणं इथे शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही येतं. मी गणिताचा पदवीधर.

राग काढायला हीच सापडली. "मग मला उठवायचं नाही?"

"उठवलं ना! 'आज अष्टमी आहे, येणार नाही' म्हणालात, आणि कूस बदललीत."