गायमुख खिंडीत मोटारसायकल उभी ठेवण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका जून ते सप्टेंबर या काळात, शनिवारी रात्री उशिरा बेत ठरवून रविवारी सकाळी गायमुख खिंडीतून लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीला निघणाऱ्या मोटारसायकलस्वारांसाठी आहे. ज्यांना कोरड्या हवेत, सरळ रस्त्यावर, मागे कुणी बसलेलं नसताना गाडी उत्तम चालवता येते, ते सगळे इथे नवशिके धरले आहेत. बुलेटवाल्यांनीही वाचावी. ‘आपली गाडी जड, वाऱ्याला दाद देत नाही’ ही त्यांची समजूत निम्मी खरी आहे. गाडी १९५ किलोची असेल. पण वारा खातो तो तिच्यावर छाती काढून बसलेला माणूस, आणि तो स्प्लेंडरवर बसला तरी तेवढाच रुंद असतो.

पायरी पहिली: जायचं का, ते ठरवा. लोहगडापासून जवळच, कामशेतला पॅराग्लायडिंग शिकवतात. वाऱ्यावरच ज्यांचं पोट आहे अशी ही मंडळी पावसाळा लागला की पंख गुंडाळून ठेवतात आणि ऑक्टोबरशिवाय उडायचं नाव काढत नाहीत. नेमक्या त्याच महिन्यांत, वाऱ्याशी काडीचा परिचय नसलेले हजारो लोक दुचाकीवर बसून त्याच डोंगरांत येतात. ज्यांना यात काही खटकेल त्यांच्यासाठी पुणे–लोणावळा लोकल मळवलीला थांबते. तिथून भाजे गावामार्गे चालत वर जाता येतं, आणि पायी माणसाला आडवा वारा लागला तर बहुधा टोपीवर निभावतं. खरं म्हणजे मार्गदर्शिका इथेच संपते. पण पायरी पहिली आजवर कुणी पाळलेली दिसली नाही, म्हणून पुढे लिहितो.

पायरी दुसरी: सामान. हेल्मेट डोक्यावर घालायचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये तसं लिहिलेलं आहे. कोपरात अडकवलेल्या हेल्मेटचा उल्लेख त्यात नाही. पुढे लांब छज्जा असलेलं हेल्मेट दिसायला रुबाबदार, पण खिंडीत तो छज्जा मान फिरवायचं काम करतो. रेनकोट दोन तुकड्यांचा, अंगासरशी आणि चेन गळ्यापर्यंत ओढलेला हवा. डोक्यावरून घ्यायचा घोंगडीवजा रेनकोट घातलात तर गाडीला शीड लागलं असं समजा. पाठीवरच्या सॅकला चटई आडवी बांधू नका, उभी बांधा. कलम १२८ प्रमाणे मागे एकच माणूस बसू शकतो. त्याने चालवणाऱ्याच्या कमरेला किंवा मागच्या कठड्याला धरून बसावं, चित्रीकरणासाठी फुटरेस्टवर उभं राहू नये, आणि वारा आला की भीतीने उलट्या बाजूला झुकू नये. ही शेवटची सूचना घरून निघताना द्यावी. खिंडीत काही ऐकू येत नाही.

पायरी तिसरी: वाऱ्याचा पत्ता शोधा. नवशिक्याला वाटतं की वारा सगळीकडे असतो आणि मनात येईल तेव्हा झोडपतो. तसं नाही. नैऋत्येकडून येणारा मोसमी वारा कोकणातून मोकळा धावत येतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो. मग त्या भिंतीत जिथे खाच सापडेल तिथून तो घुसतो, आणि वाट अरुंद झाली की त्याचा वेग वाढतो. नाणेघाटात आणि आंबोलीच्या कावळेसादला धबधब्याचं पाणी दरीत न पडता परत वर उडतं ते याच वाऱ्यामुळे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्या, त्याही उगीच नाहीत. जिथे पाणीसुद्धा खाली पडायला राजी नाही तिथे आपण डबलसीट सरळ जाऊ, हा आत्मविश्वास कौतुकास्पद आहे.

लोहगड आणि विसापूर यांच्यामधली गायमुख खिंड ही अशीच एक खाच. भाज्यातून वर चढताना सगळं लक्ष वळणांवर असतं: चढ तीव्र, रस्ता ओला, समोरून गाड्या. पण त्या चढावर बराच वेळ डोंगर तुमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये उभा असतो. मग खिंड येते. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर, चढ संपला, सुटलो बुवा. नवशिका इथे हमखास एक हात हँडलवरून काढतो आणि मागच्याला किल्ला दाखवतो. २०२५ च्या जुलैत लोहगडाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून हा हात जरा जास्तच उत्साहाने निघतो. आडोसा संपलेला असतो तो नेमका तिथे.

म्हणून या पायरीचं सार असं की, वाऱ्याला घाबरू नका, आडोशाच्या शेवटाला घाबरा. एकसारख्या वाऱ्याची शरीराला दोन मिनिटांत सवय होते. माणूस पडतो तो वारा अचानक लागल्यामुळे किंवा अचानक थांबल्यामुळे. कापलेली दरड, झाडांची रांग, वाडीतली घरं, समोरून येणारी बस, यांतली प्रत्येक गोष्ट आधी वारा अडवते आणि मग सोडते. रस्ता बघतो तसे हे आडोसे आधीच हेरत चला. देवळावरचा भगवा, टपरीची ताडपत्री, बांधावरचं गवत ही सगळी सरकारी खर्चाशिवाय लावलेली वातदर्शक यंत्रं आहेत. आणि एक हिशेब लक्षात असू द्या: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा मजेचा वाटला म्हणून ६०चा दुप्पट मजेचा निघणार नाही.

पायरी चौथी: हात सैल सोडा. सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण इथे अक्कल आणि भीती विरुद्ध सल्ले देतात. झोत आला की माणूस मुठी आवळतो आणि कोपरं ताठ करतो. त्यामुळे वारा त्याच्या छातीला जो धक्का देतो तो खांद्यातून थेट हँडलमध्ये उतरतो आणि गाडी नागमोडी जायला लागते. तक्रार मग वाऱ्याच्या नावावर जाते. योग्य रीत म्हणजे गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, जरा पुढे वाकायचं, कोपरं मोकळी ठेवायची. गाडी वाऱ्याकडे थोडी कलून चालू लागेल. कलू द्या. ती सरळ करायला जाल तर पडाल.

कलवायची कशी? वारा उजवीकडून असेल तर उजवी मूठ हळूच पुढे ढकला. हो, पुढे. चालत्या गाडीची उजवी मूठ पुढे गेली की गाडी उजवीकडे झुकते. हे वाचून विश्वास बसत नाही आणि करून पाहिल्यावरही कित्येकांचा बसत नाही. विमान उडवण्याआधी सायकली विकणारा विल्बर राइट हीच गोष्ट सायकलस्वारांना विचारत असे, आणि आपण वळताना आधी हँडल उलट्या बाजूला नेतो हे त्यांच्यापैकी बहुतेकांना सांगता येत नसे. तुम्हीही ते रोज करता, फक्त माहीत नसतं. खिंडीत मात्र ते माहीत असलेलं बरं. सराव गावाकडच्या मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर करावा; लोहगडवाडीच्या रस्त्यावर रविवारी सरावाला जागा नसते.

वेग फार कमी केलात तर गाडी डुलते, फार वाढवलात तर झोत लागल्यावर सावरायला रस्ता पुरत नाही. एक गिअर खाली, थ्रॉटल एकसारखा. पुढचा ब्रेक चिखलात करकचून दाबू नका. हे वाऱ्याशी संबंधित नाही, पण रस्त्यावर चिखल असतोच.

पायरी पाचवी: कोणत्या बाजूला पडायचं नाही, ते आधी ठरवा. आपण डावीकडून चालतो. उजवीकडून वारा आला तर तो तुम्हाला साइडपट्टीकडे, गटाराकडे आणि काही ठिकाणी दरीकडे ढकलतो. डावीकडून आला तर समोरच्या टेम्पो ट्रॅव्हलरकडे ढकलतो, आणि दोघांत हा जास्त वाईट, कारण दरी निदान हॉर्न वाजवत अंगावर येत नाही. म्हणून आपल्या बाजूत राहून, वारा ज्या अंगाने येतोय तिकडे जरा सरकून चालवा. म्हणजे झोत लागला तर ढकलला जायला दोन-तीन फूट हाताशी राहतात. उजवा वारा आणि समोरून टेम्पो ट्रॅव्हलर, हा योग विशेष आहे. तुम्ही उजवीकडे कललेले असता. टेम्पो आला की वारा बंद होतो आणि तुम्ही कललेल्या दिशेने, म्हणजे त्याच्याकडेच, ओढले जाता. तो निघून गेला की अडलेला वारा एकदम सुटतो आणि तुम्हाला डावीकडे फेकतो. पहिला धक्का सहन करून ‘वाचलो’ म्हणणाऱ्याला दुसरा लागतो.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या वाऱ्याची चर्चा इथे केलेली नाही.

पायरी सहावी: वाऱ्याची मोजणी. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस बोफर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची जी मापनी केली, ती आजही जगभर चालते. त्यात सातव्या अंकाला अख्खी झाडं हलतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध चालणं जड जातं. मोटारसायकलस्वाराने सातच्या आधीच उतरलेलं असावं. लोहगडवाडीत मात्र झाडांपेक्षा टपऱ्या बऱ्या. निळी ताडपत्री नुसती फडफडत असेल तर चला. ताडपत्री फुगून दोर ताणले असतील तर मागच्याला उतरवून खिंड पायी ओलांडायला सांगा; त्याला राग येईल, येऊ द्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपापल्या जागा बदलायला लागल्या असतील तर गाडी आडोशाला लावा. आणि टपरीवालीने भज्यांची कढई सोडून स्वतः ताडपत्रीचा दोर धरला असेल, तर तिथे गिऱ्हाईक म्हणून उभं न राहता दुसरा दोर धरा.

‘मावशी, वारा कधी थांबेल?’ असं तिला विचारू नये. ‘दसऱ्याला,’ असं उत्तर मिळतं.

पायरी सातवी: गाडी लावणं. इथपर्यंत सुखरूप आलेल्यांच्या गाड्या इथे पडतात. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते. वारा डावीकडून आला तर तो तिला उभी करतो आणि मग पलीकडे, शेजारच्या गाडीवर आडवी करतो. ती तिच्या शेजारच्या गाडीवर जाते. म्हणून वारा उजवीकडून येईल, गाडीला स्टँडवर दाबेल, अशी लावा. पहिला गिअर टाकून ठेवा. उतारावर तोंड चढाकडे. चिखलात स्टँडखाली चपटा दगड, आणि तो दगड निघताना रस्त्याबाहेर टाकायचा. हेल्मेट आरशाला लटकवू नका.

आता किल्ला चढा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे नागमोडी वाटेवर आहेत, आणि तटाच्या आडोशाला वारा बऱ्यापैकी पडतो. ज्यांना तो पुन्हा हवा असेल त्यांनी किल्ल्याच्या विंचूकाटा नावाच्या माचीवर जावं.

पायरी आठवी: परतणं. येताना जो वारा उजव्या गालाला लागला तो जाताना डाव्या गालाला लागणार. तेव्हा पाचव्या पायरीत डावीकडच्या वाऱ्याबद्दल सांगितलं ते आठवा, डावी मूठ पुढे ढकला, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांकडे येतानापेक्षा जास्त लक्ष ठेवा. त्या आता वर येणाऱ्यांच्या असतात, आणि त्यांतल्या दुचाकीवाल्यांचा एक हात किल्ला दाखवण्यात गुंतलेला असतो.