स्टाफसर

कॅलिफोर्नियात आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग सरकारी विद्यापीठात थेट तिसरं वर्ष, हा पदवी स्वस्तात पदरात पाडण्याचा राजमार्ग. १९६०च्या मास्टर प्लॅनमध्ये तो आखून दिलाय आणि सनीव्हेलची माझी मावशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक भाचरासमोर त्याची महती गाते. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे वर्गात जागा मिळतेच असं नाही, हे मात्र मावशी सांगत नाही.

नोंदणीची तिथं उतरंड असते. खेळाडू, माजी सैनिक वगैरे आधी. मग शेवटच्या वर्षाचे. मग उरलेले जुने. माझ्यासारखे कम्युनिटी कॉलेजातून आलेले ट्रान्स्फरवाले ओरिएंटेशननंतर. त्यातही माझी नोंदणी कुलूपबंद, कारण गोवराची लस घेतल्याचा पुरावा नव्हता. आईनं सांगलीहून व्हॉट्सअ‍ॅपवर लसीच्या कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर हळदीचा डाग, डागाखाली डॉक्टरांची सही आणि तारखेतला महिना त्या डॉक्टरांनाच ठाऊक. "अगं, दोन दिवस तापानं फणफणली होतीस, ते सांग की त्यांना," असा जोडपुरावाही आईनं दिला. तो ग्राह्य धरला गेला नाही. शेवटी रक्त तपासून घेतलं, कुलूप निघालं. तोवर निम्मा ऑगस्ट सरला होता.

संगणकावर हिरवा गोल म्हणजे जागा आहे, निळा चौकोन म्हणजे वर्ग भरला, पिवळा त्रिकोण म्हणजे प्रतीक्षायादी. माझ्या पडद्यावर निळाई पसरलेली. मग 'फक्त मोकळे वर्ग दाखवा' यावर खूण केली. ती यादी वाचली की अख्ख्या विद्यापीठाच्या नावडीनिवडी कळतात. शुक्रवारी सकाळी साडेसातचं संख्याशास्त्र. रात्री पावणेदहाला सुटणारं तर्कशास्त्र. आणि शिकवणाऱ्याच्या नावाच्या जागी जिथे तिथे नुसतं 'स्टाफ'. हे स्टाफसर भलतेच विद्वान असावेत. एकाच वेळी एका इमारतीत रसायनशास्त्र शिकवतात आणि दुसरीत बॅले.

मला निवड करायची चैन नव्हती. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्राला किमान बारा युनिट, म्हणजे क्रेडिट, लागतात आणि त्यात ऑनलाइन वर्ग एकच धरतात. हिरवे गोल नेमके बहुतेक ऑनलाइन वर्गांपुढे. बरं, कॅल्क्युलस मी आधीच्या कॉलेजात पास झाले होते; पण ती गुणपत्रिका कुठल्याशा टेबलावर तपासणीसाठी पडून होती, त्यामुळे संगणकाच्या लेखी मला बेरीजही येत नव्हती, मग पुढचे वर्ग कुठले.

"प्रतीक्षायादीत नाव घालून ठेव, आपोआप लागेल," काका म्हणाले. काकांना रेल्वेची सवय. इथली यादी रात्री यंत्र हलवतं, आणि आपला दुसरा वर्ग त्याच वेळेला असला तर गुपचूप आपल्याला ओलांडून मागच्याला आत घेतं. खरी पर्वणी वेगळीच असते: फी न भरणाऱ्यांची नावं कापली जातात ती रात्र. परक्याच्या बापाचा चेक न वटो, अशी प्रार्थना मी त्या रात्री पहिल्यांदा केली. देवानं एका घरी ऐकलं. मला दिवसाचं तर्कशास्त्र मिळालं.

डेटा स्ट्रक्चर्ससाठी मात्र पहिल्या दिवशी वर्गात जाऊन उभं राहावं लागलं. बाईंकडे जागा वाढवायचे मोजके कोड असतात. मुलं भिंतीला टेकून, काही खाली जमिनीवर. बाईंनी विचारलं, "याच सत्रात पदवी कोणाची?" चार-पाच हात वर. "विषयाची मनापासून आवड कोणाला?" सगळे हात वर, चुकून या वर्गात शिरलेल्या एका मुलाचासुद्धा. बाईंनी सरळ चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली.

तरीही एक युनिट कमी पडत होतं. ते बोलिंगनं भरलं. लाकडी लेनवरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि दहा पिना पाडायच्या, याचं इथं रीतसर युनिट मिळतं. मावशीनं सांगलीला फोन करून सांगितलं, "ताई, पोरगी खेळातही चमकतेय गं."

पुढच्या सत्राची नोंदणी नोव्हेंबरात आली. तोवर कॅल्क्युलसही पटलावर चढलं होतं आणि मी जुन्यांत जमा झाले होते. सकाळी दहानंतरचे, नावाजलेल्या प्राध्यापकांचे सगळे वर्ग धरले. लागणार नव्हते असे दोन जास्तीचेही, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसे. ज्याला ते हवे असतील त्यानं फीच्या तारखेपर्यंत कळ काढावी. तोवर स्टाफसर आहेतच.