शेठचे दात

नारायणगावपासून मंचर-घोडेगावपर्यंत माणसाकडं थोडी बागायत, दारात पिकअप आणि खिशात दोन मोबाईल असले की नावामागं आपोआप 'शेठ' लागतं. त्यासाठी कुठं अर्ज करावा लागत नाही. या शेठमंडळींत हल्ली एक नवी पोटजात निघाली आहे. वय पन्नाशीच्या आसपास, पोरं लग्नाला आलेली आणि दात सरळ करायला निघालेला बाप.

मूळ दुखणं दाताचं नसतंच, फ्लेक्सचं असतं. शेठचा पुढचा एक दात शाळेपासून शेजारच्यावर चढून बसलेला. कुणाची काही तक्रार नव्हती. पण वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला आणि तो दात वीतभर झाला. पुढच्या वर्षी फ्लेक्सवाल्या पोरानं तो कॉम्प्युटरवरच सरळ केला. फोटो बघून शेठीणबाई म्हणाल्या, "हे कोण पाव्हणं?" आता फ्लेक्स बदलायचा की तोंड, एवढाच प्रश्न उरला.

तारेचा उपाय स्वस्तात होता. पण "टोमॅटोला तार, द्राक्षाला तार, आता तोंडातबी तारच?" असं म्हणून शेठनी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर घेतले. खर्च लाखाच्या घरात. शेठ असा आकडा रुपयांत बोलत नाहीत, वीस किलोच्या क्रेटमध्ये बोलतात. "२०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजाराच्या वर गेलं व्हतं. तवा केलं असतं तर पन्नास क्रेटात काम व्हतं." आजच्या भावाचा हिशोब मात्र ते मनातच करतात.

डॉक्टरांनी तोंडात स्कॅनर फिरवला आणि दात महिन्यागणिक कसे सरकतील ते पडद्यावर दाखवलं. अलायनरच्या एका जोडीला दात सरकणार जेमतेम पाव मिलिमीटर, मग नवी जोडी. शेठना जास्त आवडली ती वेगळीच माहिती. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात या धंद्यातली पहिली मोठी कंपनी काढली, तेव्हा दोघांपैकी एकही दातांचा डॉक्टर नव्हता. सहकारातलं काही कळत नसताना सोसायटीचे संचालक झालेल्या शेठना यात परकं असं काहीच वाटलं नाही.

अट एकच होती. दिवसाचे बावीस तास अलायनर तोंडात, आणि पाण्याशिवाय काहीही घ्यायचं तर तो काढायचा. ही अट घालणारा माणूस आंबेगाव तालुक्यात कधी चहाला आलेला नसावा. इथं चहा नाकारला तर सोयरीक मोडते. मग शेठ समोर कप आला की आभाळाकडं बघतात, तर्जनीचं नख मागच्या दाढेपाशी घालतात, टक् असा आवाज होतो आणि लाळेची एक तार कपापर्यंत येते. अलायनर खिशातल्या डबीत जातो. शेजारचा माणूस सवयीनं चुन्यासाठी तीच डबी मागतो. एकदा पंगतीत डबी घरी राहिली, अलायनर कागदात गुंडाळला आणि मासवडीच्या रश्शासकट पत्रावळीबरोबर गेला. उकिरड्यावर बॅटऱ्या घेऊन चार पोरं शोधत होती. लोकांना वाटलं, बिबट्या आला.

वास्तविक हे प्रकरण कुणाला दिसू नये म्हणून जादा पैसे मोजलेले. पण शेठ भेटेल त्याला जबडा पुढं करून विचारतात, "दिसतंय का काय?" समोरचा "नाय" म्हणाला की शेठचा चेहरा पडतो. मग ते स्वतःच काढून दाखवतात, किमतीसकट.

दात सरळ झाले आणि नवीन अडचण आली. ओठ मिटेनात. आमच्याकडं पुढाऱ्याची खरी हजेरी दशक्रियेला लागते. परवा घाटावर श्रद्धांजलीला उभे राहिले, "शोकाकुल कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत" म्हणाले आणि दोन्ही ओळी दाखवून असे हसले की कावळासुद्धा पिंड सोडून बघत राहिला.

शेवटच्या जोडीनंतर डॉक्टर म्हणाले, आता रात्री रिटेनर लावायचा, नाहीतर दात परत जागेवर जातील.

"किती दिवस?"

"कायमच."

"आस्सं. म्हंजी सोसायटीचं कर्जच की," शेठ म्हणाले. "फिटत नाय. नवं-जुनं करीत ऱ्हायचं."