वाढप्यांची नेमणूक

पुनर्रचना म्हणजे काय, हे डोंगरकड्याच्या मनुष्याला समजावून सांगण्याची कोणी तसदी घेऊ नये. निजामाच्या अमदानीत आमच्या वाडवडिलांनी अव्वल तालुकदारास लवून सलाम केले. पोलीस ॲक्शननंतर तालुकदाराचे कलेक्टर झाले. १९५६ साली आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या दप्तरातून उचलून आम्हाला हिंगोलीच्या दप्तरात ठेवण्यात आले. आणि एवढा प्रचंड प्रवास करूनही आम्ही जागचे तसूभर हललो नाही. हळद पूर्वी जिथे शिजत होती तिथेच शिजते, आणि नक्कल मिळायला पूर्वी जितक्या खेपा लागत तितक्याच लागतात. फक्त अर्जाच्या मायन्यातील जिल्ह्याचे नाव बदलले आहे.

तेव्हा माझे एक ख्रिस्ती स्नेही, निवृत्त गुरुजी, एका सकाळी ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "आमच्या मंडळीच्या कारभाराची पुनर्रचना करायची आहे. तुम्ही सोसायटीचं दप्तर इतकी वर्षं सांभाळलं, तिऱ्हाईत म्हणून बसा बरं आमच्यात," तेव्हा मी सावधपणे होकार दिला. 'मंडळी' या शब्दाचा ख्रिस्ती बांधवांच्या बोलीत उपासकांचा समुदाय असा अर्थ होतो, हे मला ठाऊक होते. माझ्या घरात त्याचा अर्थ निराळा असून तेथील कारभाराची पुनर्रचना करण्याचा विचार लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी सोडून दिला आहे.

सभेसाठी तालुक्याच्या गावी गेलो. जमिनीवर सतरंजी, पुढे टेबल, टेबलावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर नव्या घटनेचा मसुदा. पाळकसाहेबांच्या खाली पंच, पंचांच्या जोडीला उपपंच, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, अंतर्गत हिशेबतपासनीस, तरुण संघाचे प्रमुख, त्या प्रमुखांचे मार्गदर्शक आणि सर्वांवर एक समन्वयक. मंडळीतील कुटुंबे बोटांवर मोजण्याजोगी, आणि पदे त्यांच्यापेक्षा अवघी दोनच कमी. त्या दोन कुटुंबांची समजूत कशी घालावी, याच प्रश्नावर सभेचा पहिला तास खर्ची पडला. शेवटी दोन 'विशेष निमंत्रित' निर्माण झाले आणि मंडळीत ऐक्य नांदू लागले. भगिनींच्या वाट्याला एक समिती आली होती. तिचे नाव 'आदरातिथ्य' आणि कार्य चहा.

मला पवित्र शास्त्राचे ज्ञान बेताचे. पण गुरुजींनी पूर्वी कधी दिलेली प्रत मी रिकामपणी चाळली असल्यामुळे एवढे ठाऊक होते, की पदे नेमण्याच्या या प्रश्नाला उज्ज्वल परंपरा आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करीत बसलेला पाहून त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. सासऱ्याने सांगितले आणि जावयाने ऐकले, हा त्या ग्रंथातील चमत्कारांपैकीच एक मानावा लागेल.

दुसरा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातला. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी विचार केला, की वचनाची सेवा सोडून आपण पंगतीत वाढीत बसणे इष्ट नव्हे. म्हणून त्यांनी सात वाढपी नेमवले, आणि त्या सातांची नावे पाहता सगळीच्या सगळी ग्रीक, म्हणजे पदे तक्रारदारांच्याच पक्षाला देऊन टाकण्याचा मुत्सद्दीपणा तेव्हाही अवगत होता. यानंतर काय व्हावे? स्तेफन वादविवादात उतरला आणि सातव्या अध्यायाच्या अखेरीस दगडांखाली हुतात्मा झाला. फिलिप्प आठव्या अध्यायात शोमरोनात जाऊन प्रवचने करू लागला. उरलेल्या पाचांची पुढे वार्ता नाही. स्तेफन आणि फिलिप्प दोघेही थोर, यात वाद नाही. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, त्या विधवांच्या पानात पुढे काही पडले की नाही, याची त्या ग्रंथात पुन्हा एक ओळदेखील नाही!

आपल्याकडचे उदाहरण याहून भव्य आहे. उत्तर हिंदुस्थानातील निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी एक व्हावे म्हणून १९२९ साली बोलणी सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांची मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. एक्केचाळीस वर्षे! आमच्याकडे एवढ्या अवधीत भाऊबंदकीचा दावासुद्धा कधीकधी निकाली निघतो. कोणाकडे बिशप होते, कोणाकडे नव्हते. कोणी तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देई, कोणी जाणत्यांनाच. त्यावर तोड निघाली ती मात्र कोणत्याही मुरब्बी पेशकाराने कुर्निसात करावा अशी. दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे ग्राह्य धरले. बिशप ठेवले, पण त्यांच्या भोवती निवडून आलेल्या सभांचे कुंपण घातले. आणि सर्व परंपरांच्या दीक्षित सेवकांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून, ज्याचे जे उणे असेल ते देवाने भरून काढावे अशी प्रार्थना केली. उणे नेमके कोणाचे, हे कोठेही लिहिले नाही. प्रत्येकाने घरी जाताना ते शेजाऱ्याचेच होते असे समजावे, एवढी मुभा त्या मसुद्याने उदारपणे ठेवली. तरीही अमेरिकी परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी ऐन मुहूर्ताच्या तोंडावर बाहेर राहिली ती राहिलीच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग याच्या अगदी उलट. मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही बसण्याची मुभा ठेवली. दरबार म्हटला की मानकऱ्यांची उतरंड आली, खिलत आली, चोपदार आला. यांपैकी कशाचेही टिळकांना अगत्य नव्हते. १९१९ साली ते निवर्तले, आणि त्यांच्यामागे तो दरबार फार काळ भरला नाही. गादी नसली म्हणजे वारस भांडत नाहीत हे खरे. पण मग झाडलोटीलाही कोणी येत नाही.

हे सारे मी सभेत बोललो नाही; तिऱ्हाईताने बोलू नये. उपपंच हे पंचांच्या गैरहजेरीत पंच समजावेत, की पंच हजर असतानाही अर्धे पंच समजावेत, या मुद्द्यावर सूर्य कलला. याच वेळी उपासनालयाच्या किल्लीचा विषय निघाला. मसुद्यात ती समन्वयकांकडे देण्याचे कलम होते, पण ती आहे कोठे हे एकाही पदाधिकाऱ्यास सांगता येईना. अखेर दाराशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने पदराच्या गाठीतून ती सोडली, टेबलावर ठेवली आणि, "उद्या सकाळी झाडायला कोण येनार हाय?" एवढेच विचारले. टेबलाभोवती शांतता पसरली. खजिनदारांनी हलकेच किल्ली पुन्हा तिच्याकडे सरकवली आणि ते कलम 'तूर्त अंमलात आणू नये' असा शेरा मारण्यात आला.

नवी घटना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. मग चिटणीसांनी कार्यक्रमपत्रिकेतील शेवटचा विषय वाचला, 'विधवा-साहाय्य निधीचे वाटप', आणि घड्याळाकडे पाहिले. सर्वांनीच पाहिले. म्हातारी तोवर सतरंजीचे एक टोक उचलून, आम्ही कधी उठतो याची वाट पाहत उभी होती. आणि सहचिटणीस इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहीत होते: वेळेअभावी पुढील सभेपर्यंत मुलतवी.