नावं ठेवणारं मंडळ

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर काही सेकंद एक कागद येतो. पूर्वी आम्ही तो मन लावून वाचायचो. रिळं किती, ते बघायला. चौदा म्हणजे शेवटची बस मिळणार, अठरा म्हणजे तंगडतोड. सेन्सॉर बोर्डाचा माझ्यासारख्या प्रेक्षकाला झालेला एवढाच उपयोग मला आठवतो.

आता रिळं गेली. कागद राहिला.

त्या कागदावर हल्ली वय असतं. नोव्हेंबर २०२४ पासून ‘यूए’चे तीन तुकडे झाले : सात प्लस, तेरा प्लस, सोळा प्लस. त्याहून लहान पोराला दाखवायचं की नाही, ते आईबापांनी ठरवायचं. आईबापांनी ठरवलं. ‘छावा’ सोळा प्लस होता. माझ्या पुढच्या रांगेत सहा-सात वर्षांचं पोर नाचोजचा खोका मांडीवर घेऊन बसलेलं. शेवटी शेवटी खोका खाली सांडला आणि पोराचं तोंड बापाच्या शर्टात. दारावरच्या माणसानं त्याचं वय विचारलं नव्हतं. माझी पाण्याची बाटली मात्र काढून घेतली होती.

याच सिनेमातून संभाजीराजांची लेझीम गेली. ती बोर्डानं नाही कापली. ट्रेलर बघून लोक रागावले आणि दिग्दर्शकानं प्रदर्शनाआधीच काढून टाकली. राजांचे हाल आम्हाला बघवले, लेझीम बघवली नाही.

जुलै २०२५ मध्ये पुतण्याला घेऊन ‘सुपरमॅन’ला गेलो. वय चौदा, म्हणजे तेरा प्लसमध्ये कायदेशीर. अख्खं शहर मधोमध फाटलं, इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या, पोरगं पॉपकॉर्न खात राहिलं. मग नायक-नायिका जवळ आले, आणि पापणी लवते न लवते तोच दूर उभे. मला वाटलं, बिनसलं.

बिनसलं नव्हतं. तेहतीस सेकंदांचं चुंबन कापलं होतं.

पार्किंगमधून स्कूटर बाहेर काढेपर्यंत पुतण्यानं मोबाइलवर नेमका तोच तुकडा शोधला. ‘‘काका, हे बघा, एवढंच होतं.’’ एरवी त्यानं शोधलं असतं का?

‘एफ वन’ या सिनेमात तर कापायला माणूसही नव्हता. मोबाइलच्या पडद्यावरची इमोजी होती, मधलं बोट दाखवणारी. बोर्डाच्या सांगण्यावरून तिची मूठ झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्ही म्हणीत ऐकलं होतं. प्रमाणपत्राच्या अटीत पहिल्यांदाच.

आणि ‘ओपेनहायमर’ आठवतो ना? २०२३. नायिकेच्या अंगावर संगणकानं काळा झगा चढवून तो आपल्याकडे आला. अणुबॉम्ब फुटला तर हरकत नाही, पदर ढळता कामा नये.

पण हे सगळं किरकोळ. चुंबनं, शिव्या, बोटं हा बोर्डाचा जोडधंदा. शिवीचा आवाज बंद केला की थिएटर ती पूर्ण करतं, तीही एका सुरात. तेव्हा त्यात तसं कुणाचंच नुकसान नाही. बोर्डाचं खरं प्रेम नावांवर.

केरळात एक सिनेमा झाला. बलात्कार झालेली मुलगी न्यायालयात लढते, तिचं नाव जानकी. बोर्ड म्हणालं, हे तर सीतेचं नाव, चालणार नाही. नायक सुरेश गोपी, म्हणजे दिल्लीतल्या सरकारात राज्यमंत्री. तरी चालणार नाही! प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींनी स्वतः जाऊन सिनेमा बघितला. बोर्ड आधी शहाण्णव कापाकापींच्या गोष्टी करत होतं, ते दोनांवर आलं. त्यातली एक अशी की शीर्षकात ‘जानकी’च्या पुढे ‘व्ही.’ लावा.

लावलं. सीतेला अग्निपरीक्षा, जानकीला आद्याक्षर.

भन्साळींच्या ‘पद्मावती’ची २०१८ मध्ये दुसरी वेलांटी कापली होती. ‘पद्मावत’ म्हटल्याबरोबर सेन्सॉरचं समाधान झालं. तलवारी घेऊन रस्त्यावर उतरलेल्यांचं झालं नाही. त्यांचा व्याकरणावर विश्वास नसावा.

आता कुणी म्हणेल, हे अलीकडचं. छे! खानदानी दुखणं आहे. १९३० मध्ये शांतारामबापूंनी शिवाजी महाराजांवर बोलपट नव्हे, मूकपट काढला. नावात ‘स्वराज्य’ होतं. गोऱ्या साहेबाला ते टोचलं. सिनेमा ‘उदयकाल’ या नावानं लागला. १९३५ मध्ये ‘प्रभात’नं संत एकनाथांवर सिनेमा केला, एकनाथ म्हणून साक्षात बालगंधर्व. नाव ‘महात्मा’. साहेबाला त्यात गांधी दिसले. ‘धर्मात्मा’ केल्यावर दिसेनासे झाले.

साहेब १९४७ मध्ये गेला. जाताना कात्री विसरून गेला म्हणतात. मला वाटतं, मुद्दाम ठेवून गेला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बोर्डानं प्रामाणिकपणे केली. १९८३ मध्ये स्वतःच्या नावातला ‘सेन्सॉर’ हा शब्द काढून टाकला. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ! पाटीवरचा शब्द गेला, खोलीतली कात्री राहिली. दुसऱ्यांच्या सिनेमातही नेमकं असंच करतात.

‘फुले’चं काय केलं बघा. सिनेमा ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटना नाराज झाल्या आणि तारीख गेली २५ एप्रिलवर. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द मंडळानं आधीच काढायला सांगितले होते. जातीवर आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या सिनेमातून जातींची नावं काढायची, म्हणजे पंढरपूरवर सिनेमा काढा पण विठोबा दाखवू नका. संवादात तीन हजार वर्षांची गुलामी होती, ती ‘कित्येक वर्षांची’ झाली. जोतीरावांना जे जन्मभर जमलं नाही, ते मंडळानं एका ओळीत केलं : जात नाहीशी.

प्रमाणपत्र दिलं ‘यू’. म्हणजे सर्वांना बघता येईल असा. उरलेला.

नामदेव ढसाळांच्या बाबतीत तर नाव कापायचीही गरज पडली नाही. ‘चल हल्ला बोल’ नावाच्या सिनेमात त्यांच्या कविता आहेत. त्या काढा असं सुचवताना मंडळातून ‘कोण नामदेव ढसाळ?’ अशी विचारणा झाली, असं सिनेमावाल्यांनी २०२५ मध्ये सांगितलं. त्यांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’ १९७२ चा. पद्मश्री १९९९ ची, ती देणारं सरकारही दिल्लीचंच. मंडळ बसतं मुंबईत, पेडर रोडला. तिथून ढसाळांच्या कवितेतला कामाठीपुरा इतका जवळ, की टॅक्सीवाला भाडं नाकारेल.

माहीत नाही म्हणून काढा. मग यांना माहीत असलेलं तेवढंच बघायचं म्हटलं, तर तिकिटाचे पैसे कशाला द्यायचे?

नाव न बदलता अडकलेलाही एक आहे. संध्या सुरींचा ‘संतोष’. उत्तर भारतातली एक पोलीस शिपाई, तिचं ठाणं, जात, कोठडीतली मारहाण. ब्रिटननं तो ऑस्करला स्वतःचा म्हणून पाठवला. आपल्या मंडळानं इतकी कापाकापी सांगितली की दिग्दर्शिकेच्या मते सिनेमाच उरला नसता. साहेबाच्या देशात लागला, आपल्याकडे नाही. म्हणजे १९३० च्या बरोब्बर उलट. प्रगती म्हणायची की काय?

दाद मागायला पूर्वी एक लवाद होता, दिल्लीत. ‘एफसीएटी’ म्हणत. तो २०२१ मध्ये गुंडाळला. आता मंडळाशी पटलं नाही, तर थेट उच्च न्यायालय. सुरेश गोपींच्या सिनेमाला ते परवडलं. पहिलाच सिनेमा, बायकोचे दागिने गहाण, असा दिग्दर्शक काय करणार? तो आपली पटकथा लिहितानाच कात्री जवळ ठेवतो. कापलेलं दिसत नाही, कारण लिहिलेलंच नसतं.

परवा पुतण्याचा फोन आला. ‘‘काका, पुढच्या रविवारी नवा मराठी लागतोय. बुक करू?’’

‘‘नाव काय?’’

‘‘थांबा, अजून प्रमाणपत्र यायचंय.’’