साष्टीचा ज्वालामुखी

आपण बेटावर राहतो याचे वांद्रेकरांना विस्मरण पडावे म्हणून सन 1845 मध्ये माहीमच्या खाडीवर बांध घालण्यात आला, असे म्हणणे लेडी जमशेटजींच्या औदार्यावर अन्याय करणारे ठरेल. परंतु त्या बाईंच्या देणगीतून झालेल्या रस्त्याने गाड्या धावू लागल्यापासून साष्टी हे समुद्राने व खाड्यांनी वेढलेले, कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेले, रीतसर उष्णकटिबंधीय बेट आहे ही बाब आम्हां रहिवाशांच्या दप्तरातून खारीज झाली, हे मात्र खरे.

त्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावरील गृहस्थ बालीचा बाटूर पर्वत पहाटे चढून, तेथील वाफेवर शिजवलेली अंडी खाऊन परतले आणि त्या अंड्यांचा वृत्तान्त ते जिन्यात भेटेल त्यास ऐकवू लागले, तेव्हा मी घरात तजवीज मांडली की, ज्वालामुखीच चढावयाचा तर परक्या मुलखाचा परवाना कशाला? तो अंधेरीस आहे.

"अंधेरीला काय मिळत नाही?" सौभाग्यवती म्हणाल्या. "पण अहो, येताना भाजी घ्यायची."

धीम्या लोकलने खार, सांताक्रूझ, पार्ले ही ठाणी ओलांडून आमची मोहीम अंधेरीस उतरली. 'ज्वालामुखी' म्हणताच पहिल्या रिक्षावाल्याने मान हलविली. 'गिल्बर्ट हिल, गावदेवीचं देऊळ' म्हणताच दुसऱ्याने मुकाट्याने मीटर पाडला.

सुमारे दोनशे फूट उंचीचा हा काळ्या बेसॉल्टचा सुळका, दख्खनचा मुलूख लाव्ह्याखाली बुडाला त्या, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासच्या काळातला. तळ्यातला गाळ उन्हात भेगाळावा तसा तो तप्त रस निवता निवता आकसला आणि त्याचे उभे, पैलूदार खांब झाले. असेच खांब मिरविणाऱ्या वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवरला तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी 1906 सालीच हुकूम काढून राष्ट्रीय स्मारक केले. इकडे भोवतालच्या दगडाची खाणवाल्यांनी खडी केली आणि हा एवढा उरला. तोही शिरावर गावदेवी बसली आहे म्हणूनच उरला असावा, कारण देवीचे ठाणे हलविण्याची छाती अद्याप कोणत्याही खात्यास झालेली नाही.

बाटूरशी बरोबरी व्हावी म्हणून मी घरूनच उकडून आणलेली अंडी, 'देवीच्या दारात?' एवढ्याच चौकशीअंती, पायथ्याशी जप्त झाली. खडकात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर मी भूगर्भशास्त्राचे निमित्त करून वारंवार थांबत, दगडावर हात फिरवीत असताना, ओटीचे सामान घेतलेल्या वृद्धा एकामागून एक मला मागे टाकून वर गेल्या. त्यांतल्या एकीने तर, "दगड निसटत नाही हो, चला," असा धीरही दिला.

अखेर शिखर सर झाले. देवीस नारळ वाढवून, साष्टीचा समग्र विस्तार एका दृष्टिक्षेपात घ्यावा म्हणून मी कठड्याशी गेलो, तो समोर ज्वालामुखीहून उंच एक इमारत उभी. आणि तिच्या गॅलरीत बनियन वाळत घालणारे एक गृहस्थ, हातातला चिमटा तसाच धरून, मी धापा का टाकतो आहे हे मोठ्या आस्थेने वरून न्याहाळीत होते.